तलवारबाजीचे जुने हॉलिवूडपट : पुढे काय पाहावे?

प्रश्न : एरॉल फ्लिनचा १९३८चा रॉबिन हूड नुकताच पाहिला. शेवटच्या द्वंद्वात लढणारे दोघे चौकटीबाहेर जातात आणि खांबावर केवळ त्यांच्या सावल्या झुंजत राहतात, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. साहसाइतकीच प्रेमकथाही जीव ओतून सांगणारे असे आणखी कोणते चित्रपट आहेत?

प्रतिसाद १ : आधी १९३५चा ‘कॅप्टन ब्लड’ अवश्य पाहावा. फ्लिन आणि ऑलिव्हिया डी हॅविलंड यांची जोडी येथेच प्रथम जमली. गुलाम म्हणून लिलावात उभ्या केलेल्या डॉक्टरला नायिका दहा पौंडांना विकत घेते, त्यामुळे त्यांच्या प्रेमात आरंभापासूनच मानभंगाचा सल आहे आणि मला तोच या कथेचा प्राण वाटतो. समुद्रकिनाऱ्यावर फ्लिनशी लढणारा बेसिल रॅथबोन, जो रॉबिन हूडमध्येही खलनायक आहे, प्रत्यक्षात निष्णात तलवारबाज होता. पडद्यावर मात्र तो दोन्ही वेळा हरतो.

प्रतिसाद २ : यात १९५२चा ‘स्कारामूश’ जोडावा. नाट्यगृहाच्या सज्जांच्या कठड्यांवरून सुरू झालेले स्टुअर्ट ग्रेंजर आणि मेल फेरर यांचे द्वंद्व जिन्यांवरून उतरत थेट रंगमंचावर पोहोचते आणि सहा मिनिटांहून अधिक काळ श्वास रोखून धरायला लावते.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. या रविवारी ‘कॅप्टन ब्लड’ पाहतो.