कापड ऑरगॅनिक, पण शिवणाऱ्यांचं काय?

ऑरगॅनिक कॉटन वापरलं की कपड्यांचा ब्रँड सस्टेनेबल, म्हणजे पर्यावरणाला आणि माणसांना जपणारा झाला, असं बरेच जण म्हणतात, त्यात थोडी भर. गॉट्सचं (GOTS, ऑरगॅनिक कापडासाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) लेबल चांगलंच आहे, पण त्यातही दोन पातळ्या असतात, नुसतं 'ऑरगॅनिक' लिहायला किमान ९५ टक्के ऑरगॅनिक धागा लागतो आणि 'मेड विथ ऑरगॅनिक'ला ७० टक्के चालतो, तेव्हा ब्रँडने नेमकं काय ते स्पष्ट सांगावं.

पण मला खरी मेख शिवणाऱ्यांच्या बाजूला वाटते. २०१३ मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या फॅक्टऱ्या असलेली इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली, आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते तरी कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. आणि आपला माल तिथे शिवला जातो हे काही ब्रँडना लगेच सांगताही येईना, कारण काम सबकॉन्ट्रॅक्टवर फिरत फिरत कुठे पोचतं याचा पत्ताच नसतो! म्हणून फॅक्टऱ्यांची यादी जाहीर करणं ही पहिली पायरी, कापड रंगवणाऱ्या डाईंग युनिटसकट, कारण सगळ्यात घाण पाणी तिथूनच निघतं.

अजून एक, फॅक्टऱ्यांचं ऑडिट म्हणजे तपासणी वगैरे ठीक आहे हो, पण ब्रँडच शेवटच्या क्षणी डिझाइन बदलणार, रेट पाडणार, पेमेंट लटकवणार आणि डेडलाइन मात्र तीच ठेवणार, तर ओव्हरटाइम कोणाच्या बोकांडी बसणार? ऑर्डर लवकर पक्की करा, थोडा अॅडव्हान्स द्या.

बाकी रिसायकलिंगचं म्हणाल तर कॉटन-पॉलिस्टर मिक्स कापड वेगळं करणं अजूनही किचकटच आहे, त्यापेक्षा शिवण पक्की घाला आणि रिपेअर करून द्या.