एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ निघाला आहे : कंबरेला विश्रांती द्यावी की हालचाल चालू ठेवावी?

उंबरठा :
नमस्कार. माझे वय ४३ असून काम दिवसभर संगणकासमोर बसून करण्याचे आहे. तीनेक आठवड्यांपूर्वी जड खोके उचलताना कमरेत उसण भरली. सुरुवातीला कूस बदलणेही कठीण होते. आता चालता येते, पण बराच वेळ बसून उठताना कंबर धरते आणि कळ उजव्या कुल्ल्यात व कधीकधी मांडीच्या मागे, गुडघ्याच्या वरपर्यंत जाते. मुंग्या येत नाहीत, ताप नाही.

घरच्यांच्या आग्रहावरून एमआरआय करून घेतला. अहवालात कमरेच्या तळाकडील एल४-एल५ आणि एल५-एस१ या दोन्ही ठिकाणी डिस्क बल्ज (म्हणजे दोन मणक्यांमधील चकती बाहेर फुगणे), झीज आणि डिस्कमधील पाण्याचे प्रमाण कमी झाल्याचे लिहिले आहे. ते वाचल्यापासून साधे वाकायचीही भीती बसली आहे. कोणी महिनाभर आडवे पडून राहा म्हणतात, कोणी पट्टा लावून टणक फळीवर झोपायला सांगतात, तर एका परिचितांनी ‘गॅप आली म्हणजे आज ना उद्या ऑपरेशन ठरलेलेच’ असे सांगून टाकले. अहवालातील बदल खरोखर किती गंभीर मानावेत आणि आता नेमके काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

साक्षेपी :
मी मणक्याच्या रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. तुमची कंबर मी तपासलेली नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आधी तातडीच्या गोष्टी. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तेवढ्या भागात बधिरपणा येणे, किंवा पायाची शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडील नसांचा जुडगा दाबला गेल्याची ती लक्षणे असतात आणि तेथे उशीर महागात पडतो. ताप, विनाकारण घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, उतारवयात किरकोळ पडण्यानंतर सुरू झालेले दुखणे किंवा आडवे झाल्यावरही तसूभर कमी न होणारी रात्रीची वेदना असेल, तर मात्र मागे दुसरा आजार नाही ना, हे शोधावे लागते. तुमच्या वर्णनात यांतले काही दिसत नाही.

आता अहवालाविषयी. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत निदान एका पातळीवर डिस्क बल्ज सापडला. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात वेदना नसलेल्या विशीतील लोकांपैकीसुद्धा ३७ टक्क्यांत डिस्कची झीज आढळली आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. थोडक्यात, हे बदल पिकलेल्या केसांसारखे आहेत. ते खरे असतात, पण दुखण्याचे कारण तेच, असे केवळ त्यांच्या असण्यावरून म्हणता येत नाही. एमआरआयला महत्त्व येते ते नस दाबली गेल्याची लक्षणे, तपासणीतील खुणा आणि चित्रातील जागा या तिन्हींचा मेळ बसतो तेव्हा. धोक्याची लक्षणे नसताना पहिल्या काही आठवड्यांत एमआरआय केल्याने उपचार सहसा बदलत नाहीत. काळजी मात्र वाढते, आणि तुमच्या बाबतीत तेच झालेले दिसते.

नस दाबली असेल तर वेदना बहुधा गुडघ्याखाली, पोटरी किंवा पावलापर्यंत उतरते आणि सरळ पाय वर उचलला की वाढते. टाचांवर चालता न येणे किंवा पायाचा अंगठा वर ओढताना जोर न लागणे ही एल५ नस दाबल्याची, तर चवड्यांवर चालता न येणे ही एस१ नस दाबल्याची खूण असू शकते. तेवढे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

महिनाभर पडून राहण्याचा सल्ला तर अजिबात मानू नये. १९८६ च्या एका चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सांगितलेले रुग्ण सात दिवसांची विश्रांती सांगितलेल्यांपेक्षा लवकर कामावर परतले. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या चाचणीचा निष्कर्ष याहून बोलका आहे: अंथरुणात पडून राहणारे आणि उसण भरल्याबरोबर ठरावीक व्यायाम करणारे, या दोन्ही गटांपेक्षा झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सावरले. बहुतेकांचे दुखणे सहा आठवड्यांत बरेच ओसरते. वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग बेताचाच असतो. पॅरासिटामोलने नव्या कंबरदुखीतून लवकर बरे होता येत नाही, हे २०१४ च्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत दिसले. दाह कमी करणाऱ्या गोळ्या थोड्या अधिक उपयोगी पडतात, पण जठर, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास त्या परस्पर घेऊ नयेत.

पहाटवारा :
वरील प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. उंबरठा यांचे दुखणे वजन उचलताना अचानक सुरू झाले असल्याने त्यांना हे लागू होणार नाही, परंतु इतर वाचकांना उपयोगी पडावे. ज्यांची कंबरदुखी पंचेचाळिशीच्या आत हळूहळू सुरू झाली, तीन महिन्यांहून अधिक टिकली, जिच्यामुळे उत्तररात्री जाग येते, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ कंबर आखडलेली राहते आणि जी विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होते, त्यांनी संधिवाततज्ज्ञांना भेटावे. डोळे वारंवार लाल होऊन दुखणे, टाचदुखी किंवा सोरायसिस सोबत असेल तर शंका आणखी बळावते. या सूजजन्य संधिवातात सुरुवातीची काही वर्षे एक्स-रे निर्दोष येऊ शकतो. माझे निदान याच कारणाने लांबले. ‘बसण्याची पद्धत सुधारा’ एवढेच बराच काळ ऐकत होतो.

ताठकणा :
पट्टा लावण्याच्या सल्ल्याविषयी माझा अनुभव नोंदवतो. लांबच्या प्रवासात मला पट्ट्याने निश्चित आधार वाटतो. त्यामुळे तो सरसकट निरुपयोगी ठरवू नये.

साक्षेपी :
प्रवासापुरता वापरण्यास हरकत नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत नेहमीच्या उपचारात पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) वापरू नये असेच सांगितले आहे. टणक फळीचेही तसेच: २००३ मध्ये स्पेनमध्ये झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला.

उंबरठा :
मनापासून आभार. काल डॉक्टरांनी तपासले. टाचांवर आणि चवड्यांवर दोन्ही प्रकारे चालता येते व संवेदना ठीक आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ऑपरेशनचा विचार नेमका कधी करावा लागतो, आणि हे दुखणे पुन्हा उलटू नये यासाठी काय करावे?

साक्षेपी :
पायाची शक्ती कमी होत चालली असेल, किंवा पायात उतरणारी तीव्र वेदना सहा ते आठ आठवडे योग्य उपचार करूनही हटत नसेल आणि एमआरआयमध्ये त्याच नसेवर दाब दिसत असेल, तर शस्त्रक्रियेची चर्चा होते. त्यातही २००७ च्या नेदरलँड्समधील चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची पायदुखी लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखीच होती. बाहेर आलेला डिस्कचा तुकडा शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. मोठा तुकडा तर अधिक प्रमाणात. तुमच्यासारख्या निव्वळ बल्जसाठी ऑपरेशन करण्याचे कारण दिसत नाही.

कंबरदुखी उलटणे हे सर्रास घडते, म्हणून तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत नुकतेच बरे झालेल्या सुमारे ७०० जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणे हळूहळू वाढवायला सांगितले, आणि उद्दिष्ट आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास असे ठेवले. दुखणे पुन्हा सुरू होण्याचा मध्यक कालावधी (क्रमाने मांडल्यास मधोमध येणारा आकडा) चालणाऱ्या गटात २०८ दिवस, तर दुसऱ्या गटात ११२ दिवस निघाला. दुखणे कायमचे टळते असे यातून म्हणता येत नाही, पण इतक्या साध्या उपायाने एवढा फरक पडणे मला मोलाचे वाटते. आज सोसते तेवढ्या अंतरापासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडे वाढवावे. चालताना थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्वपदावर आले तर थांबण्याचे कारण नाही.

बसण्याची एकच आदर्श पद्धत शोधत बसू नये. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकणे पुरेसे आहे. वाकण्याची भीती मात्र मुद्दाम घालवावी लागेल. आधी रिकाम्या हाताने, मग हलक्या वजनाने वाकण्याचा सराव करावा, वजन शरीराजवळ धरावे आणि पेलते आहे हे पाहूनच ते वाढवावे. आणखी तीन-चार आठवड्यांत काहीच सुधारणा नसेल, तर दुसरा एमआरआय काढण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेऊन व्यायामाची आखणी बदलावी.