अनुभव धागा : डोंगरावरून खाली धावताना

मंडळी, धावण्याबद्दल आपल्यात भरपूर बोलणं होतं, पण ते सगळं सपाट रस्त्याचं नाहीतर चढाचं. उताराच्या शर्यतीचा विषय निघाला की "मग काय, सोपंच की" एवढ्यावर मिटतो. म्हणून हा धागा. ज्यांनी मोठं अंतर डोंगर उतरत पार केलंय त्यांनी लिहा. शर्यत कुठली, रस्ता कसा, कुठे काय दुखलं, तयारी कशी केली, दुसऱ्या दिवशी जिना कसा उतरलात, सगळं. पदकं जिंकणाऱ्यांचे अनुभव वाचायला मिळतात. नोकरी-घर सांभाळून धावणाऱ्यांचे मिळत नाहीत. सुरुवात मी करते.

मी ॲरिझोनात राहते, वय सत्तेचाळीस. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या युटा राज्यातली सेंट जॉर्ज मॅरेथॉन धावले. १९७७ पासून चालू असलेली शर्यत आहे. पहाटे गावातून बसने पाइन व्हॅलीच्या डोंगरात नेऊन सोडतात. वर मिट्ट काळोख आणि थंडी अशी की बोटं वळत नाहीत. आयोजक तिथे शेकोट्या पेटवून ठेवतात. शेकडो अनोळखी माणसं हात शेकत उभी असतात, कुणी कुणाला पिन देतंय, कुणी उगाच हसतंय. मला शर्यतीइतकाच हा तास आवडला.

सुरुवात सुमारे १६०० मीटर उंचीवर, शेवट ८०० च्या आसपास. उतार निव्वळ ७८० मीटरचा. ४२ किलोमीटरवर वाटून टाकला तर सरासरी दोन टक्केसुद्धा भरत नाही. पण तो तसा वाटलेला नाहीच. पहिले दहा-अकरा किलोमीटर हलकेच खाली नेतात, तोवर उजाडतं. मग व्हेयो नावाचं छोटं गाव येतं आणि विझलेल्या ज्वालामुखीच्या कडेने चांगला दमदार चढ. त्यानंतरही बराच वेळ रस्ता चढ-उतार करत राहतो. खरा उतार अर्धं अंतर सरता सरता सुरू होतो. बाजूला स्नो कॅन्यनचे लाल कडे, मध्येच काळा लाव्हा, आणि पाय आपोआप पळायला लागतात.

तिसाव्या किलोमीटरच्या आसपास जे झालं ते मला सपाट मॅरेथॉनमध्ये कधी जाणवलं नव्हतं. धाप अजिबात नाही, ठोके ताब्यात, पोट ठीक, डोकं शांत. फक्त मांड्या संपत आलेल्या. गुडघ्याच्या वरचा भाग प्रत्येक पावलाला आतून थरथरायचा. दम असूनही वेग वाढवता येत नाही, ही अवस्थाच वेगळी. शेवटचा भाग गावातून सपाटीवर जातो, तिथे उलट बरं वाटलं.

वेळ आली ३ तास ४२ मिनिटं. माझ्या वयोगटातल्या बायकांसाठी बोस्टन मॅरेथॉनला पात्र ठरायचा निकष ३:४५ आहे. पण २०२७ च्या बोस्टनपासून नियम बदलला. १५०० ते २९९९ फूट निव्वळ उतार असलेल्या शर्यतीच्या वेळेत पाच मिनिटं मिळवतात, ३००० ते ५९९९ फुटांना दहा, आणि ६००० फूट किंवा त्याहून जास्त उतार असेल तर ती वेळ धरतच नाहीत. सेंट जॉर्ज पाच मिनिटांच्या गटात. म्हणजे बोस्टनच्या हिशेबात मी ३:४७. हे माहीत असूनच नाव दिलं होतं, आणि नियम मला रास्त वाटतो. सपाट रस्त्यावर रक्त आटवून ३:४४ काढणारीच्या पुढे मी डोंगराच्या जोरावर जाणं बरोबर नाही.

आता तुम्ही लिहा.

सातारा

ताई, आमची हाफ आहे, पूर्ण नाही, तरी लिहितो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून त्याच घाटाने परत. २०१५ साली डोंगरी शर्यतीत सर्वांत जास्त धावणाऱ्यांचा गिनेस विक्रम इथे झाला.

बाहेरगावचे पाहुणे सगळी ताकद चढाला राखून ठेवतात आणि वर पोचले की शर्यत जिंकल्यासारखं खाली सुटतात. पावसाळ्याचे दिवस, रस्ता ओला, कडेला शेवाळ, धुकं असलं तर पुढचं वळण दिसत नाही. आम्ही पोरांना एवढंच सांगतो, पाऊल लहान ठेवा आणि पटापट टाका. टाच पुढे आपटून ब्रेक मारू नका. पाय अंगाखाली पडला पाहिजे. अंग मागे रेलायला बघतं, भीतीने. ते घोट्यापासून किंचित पुढे झुकलेलं ठेवा. हात जरा पसरले तरी चालतात. नजर बुटांवर नको, दहा-पंधरा पावलं पुढे हवी.

अजून एक. वळणावर रस्ता एका अंगाला कललेला असतो. सतत त्याच कडेने उतरलं की एका गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. जिथे रस्ता बंद आहे आणि सुरक्षित आहे तिथे मधला सपाट पट्टा पकडा.

सरावाला आम्ही मोटारसायकलवर मित्राला घेऊन वर जातो. तो गाडी खाली आणतो, आपण नुसतं उतरायचं. चढून दमलेल्या पायांनी उतरणं हा एक सराव आणि ताज्या पायांनी वेगात उतरणं हा दुसरा. दोन्ही लागतात.

नाशिक

माझा अनुभव दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सचा, 'डाऊन रन'चा. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये सुरू झालेली ही शर्यत पीटरमारित्झबर्ग आणि दरबान या दोन शहरांमध्ये होते. वरून खाली धावलं की डाऊन, उलट धावलं की अप. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, मर्यादा बारा तास. पीटरमारित्झबर्ग साधारण साडेसहाशे मीटरवर आणि दरबान समुद्राकाठी, म्हणून डाऊन. पण वाटेत चढ मोजाल तर हजार मीटरहून जास्त भरतो.

पहाटे अंधारात हजारो लोक 'शोशोलोझा' गायला लागतात तेव्हा अंगावर काटा येतो. भाषा कळत नाही, तरी गळा दाटतो. वाटेत ड्रमंडला अर्धं अंतर होतं. त्यानंतर रस्त्याकडेच्या दरडीत एक खोबण आहे, आर्थर्स सीट म्हणतात. १९२० च्या दशकात पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन तिथे विसावा घ्यायचा असं सांगतात. तिथे फूल ठेवून आर्थरला सुप्रभात म्हटलं की दुसरा अर्धा भाग नीट जातो अशी श्रद्धा. मी फूल ठेवलं, हातही जोडले. आपल्याला वाटेवरच्या देवाला हात जोडायची सवयच असते.

परीक्षा होते ती फील्ड्स हिलला. साठ किलोमीटर उलटून गेलेले आणि समोर पाइनटाऊनपर्यंत जवळजवळ तीन किलोमीटरचा तीव्र उतार. ताजे पाय असते तर आनंदाने उतरलो असतो. त्या अवस्थेत प्रत्येक पाऊल मांडीत घुसत होतं. आजूबाजूला माणसं उतारावर चालत होती, काही तर तिरकी-तिरकी पावलं टाकत. पुढे काउइज हिलचा चढ आला तेव्हा माझ्याबरोबरच्या आफ्रिकन गृहस्थांनी "थँक यू" म्हणून आकाशाकडे हात केले. नव्वद किलोमीटरच्या शर्यतीत चढ आल्याचं सुख मी तिथे अनुभवलं.

बारा तास पुरे होताच पंच धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर आलेल्याला पदक नाही, मग तो दोन पावलं मागे असो. आत येऊन ते बघत उभा होतो आणि अनोळखी लोकांसाठी ओरडून ओरडून घसा बसला.

तयारी नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात केली. चढून जायचं, देवीचं दर्शन घ्यायचं, थोडं खायचं आणि उतरायचं. पहाटे लवकर जा, नंतर गाड्यांची गर्दी होते.

न्यू जर्सी

धागाकर्तीच्या एका मुद्द्याशी असहमत. उतारावरच्या वेळेत मिनिटं वाढवताना त्या वेळेसाठी शरीराने काय मोजलं ते कुणी धरत नाही. आणि बोस्टन स्वतः काय आहे? हॉपकिंटनहून शहरात येताना ती जवळजवळ १४० मीटर खाली उतरते. जागतिक विक्रमासाठी किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही, शिवाय सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नसावं लागतं. बोस्टन दोन्हींत बसत नाही. २०११ मध्ये जेफ्री मुटाईने तिथे २:०३:०२ अशी वेळ दिली, तेव्हाच्या विक्रमापेक्षा जलद, पण तो विक्रम म्हणून नोंदला गेला नाही.

बोस्टन धावलोय म्हणून सांगतो, तिथेही मांड्यांचं नुकसान सुरुवातीच्या उतारावरच होतं. वाटेतल्या न्यूटन गावाच्या टेकड्या नंतर फक्त ते उघड करतात. लोक त्यांतल्या शेवटच्या, हार्टब्रेक हिलला दोष देतात. माझ्या मते खरा दोषी पहिला अर्धा तास.

ॲरिझोना

तुमचा बोस्टनचा मुद्दा मान्य, आणि शरीर किंमत मोजतं हेही मान्य. पण १५०० मीटर खाली नेणाऱ्या शर्यती केवळ पात्रता वेळ विकायला निघाल्या होत्या हे आपण दोघांनीही पाहिलंय. कुठेतरी रेघ मारावीच लागणार होती.

कोल्हापूर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः पन्हाळ्याच्या रस्त्यावर धावते. वर सगळ्यांनी मांड्यांबद्दल लिहिलंय, त्यामागचं कारण सांगते.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना पाय टेकला की गुडघा वाकतो, म्हणजे तोच स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी शरीराचं वजन रोखून धरायला जोरही लावत असतो. ताणलं जाताना लावलेल्या या जोराला ऊर्जा कमी लागते, म्हणून धाप लागत नाही. पण स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा सर्वांत जास्त याच प्रकारात होते. म्हणून हृदय म्हणतं चल, आणि मांडी म्हणते थांब. दुखणं लगेच पूर्ण जाणवत नाही, चोवीस ते बहात्तर तासांत शिगेला पोचतं.

यातली आशेची बाजू अशी की स्नायू फार लवकर शिकतो. एकदा बेताचा उतार धावून दुखलं आणि बरं झालं, की पुढचे काही आठवडे तसाच उतार पुष्कळ कमी इजा करतो. म्हणून शर्यतीआधी उतार धावलेले असणं यापेक्षा मोठी तयारी नाही. हळूहळू वाढवा आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी संपवा.

घाट जवळ नसेल तर आपल्या तालमीतल्या बैठका आहेतच. फक्त खाली जाताना चार आकडे मोजत जा, वर साध्या वेगाने या. पायरीवर उभं राहून एक पाय सावकाश खाली टेकवणं हाही उत्तम व्यायाम.

आणि हे कृपया गांभीर्याने घ्या. शर्यतीच्या आधी किंवा मध्ये आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. पाणी कमी पडलेलं असताना, स्नायू तुटत असताना मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो. शर्यतीनंतर लघवी गडद तपकिरी झाली, किंवा मांड्या सुजून कडक झाल्या, तर घरी वाट न बघता दवाखाना गाठा.

मुंबई, दादर

खार्डुंग ला चॅलेंजबद्दल थोडक्यात. लडाख मॅरेथॉनमधलीच ७२ किलोमीटरची शर्यत. आदल्या रात्री खार्डुंग गावात लोकांच्या घरी मुक्काम, रात्री तीनला सुरुवात. साधारण ३२ किलोमीटर चढून सुमारे ५३६० मीटरवरच्या खिंडीत आणि मग ४० किलोमीटर उतरत लेहला, जे ३५०० मीटरवर आहे.

वर पावलं मोजत चालले. उतरायला लागल्यावर हवा दाट होत जाते, छाती मोकळी होते, आणि वाटतं आता पळावं. मी उतारावरचं साऊथ पुल्लू हे ठाणं येईपर्यंत पळाले नाही, झपझप चालणं आणि हलकं धावणं आलटूनपालटून केलं. माझ्यापुढे गेलेले कितीतरी जण पुढे रस्त्याकडेला पायातले गोळे चोळत बसलेले भेटले. सावली कुठेच नाही. लेह खूप आधी दिसतं आणि खूप उशिरा येतं. त्या शेवटच्या टप्प्यात मी घरच्यांची नावं एकेक घेत धावले. सगळ्यांची घेऊन झाली, मग शेजाऱ्यांची घेतली.

तिथे जाणाऱ्यांनी वेग विसरा, आधी जाऊन शरीराला उंचीची सवय होऊ द्या.

पुणे

डांबरी रस्ता आणि पायवाट यांतला फरकही नोंदवावासा वाटतो. एसआरटी अल्ट्रामध्ये सिंहगड, राजगड, तोरणा अशी वाट आहे. तिथे उतारावर वेग घेताच येत नाही, डिसेंबरात वाळलेलं गवत आणि सुटी माती पायाखालून सरकते. बसून-घसरून उतरावं लागतं. पण प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, त्यामुळे एकाच स्नायूवर मार बसत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं अंग दुखतं, पण जिना उतरता येतो. घाटरस्त्याच्या शर्यतीनंतर मी रेलिंग धरून उलट्या पावलांनी उतरतो.

ठाणे

साताऱ्याच्या शर्यतीला नाव दिलंय, जेमतेम दोन महिने आहेत. येऊरचा रस्ता जवळ आहे. कोल्हापूरच्या मॅडम, किती उतार धावू? आणि लांब उतार धावलो की अंगठ्याची नखं काळी पडतात, त्याला काय करावं?

कोल्हापूर

आठवड्यातून एकदाच उतार घ्या. पहिल्या वेळी येऊर चढून जा आणि सवयीपेक्षा सावकाश उतरा, पुन्हा नको. दोन-तीन दिवसांत दुखणं गेलं तर पुढच्या आठवड्यात उतरण्याचं अंतर थोडं वाढवा. दुखणं चौथ्या दिवशीही असेल तर तो आठवडा सोडा. बैठका आठवड्यातून दोनदा, उताराच्या आदल्या दिवशी नाही. शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे उतार पूर्ण बंद.

नखांचं म्हणाल तर पाय बुटात पुढे सरकतो म्हणून ती आपटतात. नखं शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी कापा. बुटाला सर्वांत वर, घोट्यापाशी, एक जादा भोक असतं. त्यातून लेस ओवून छोटा फासा करा, समोरची लेस त्या फाशातून घ्या आणि मग बांधा. टाच जागेवर बसते. बोटांपुढे अंगठाभर जागा हवी. हे सगळं सरावात करून बघा, शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा नको.

सातारा

ठाणेकर दादा, शर्यतीआधी एखाद्या रविवारी इकडे या. आम्ही पहाटे यवतेश्वरच्या पायथ्याशी जमतो. प्रत्यक्ष घाट पायाखालून गेलेला असला की वळणं ओळखीची होतात. तिसरं मोठं वळण सोडलं की उतार एकदम वाढतो, तिथे कुठे आवरायचं ते बरोबर धावूनच दाखवतो.