अणुदहशतवाद रोखायचा कुणी: पोलिसांनी की इंजिनियरांनी?

घणसोलीकर
अणुदहशतवाद म्हटलं की बंदूकधारी जवान आणि काटेरी तारा डोळ्यांपुढे येतात. पहारा हवाच, पण तो दुय्यम. चोरण्याजोगा किरणोत्सारी माल आत असेल तर कधी ना कधी कुणीतरी हात घालणारच. मालच असा बनवा की चोरून फारसं काही साधू नये. आणि हे काम इंजिनियरचं.

ब्राझीलमधलं गोयानिया घ्या. 1987 साली तिथल्या ओस पडलेल्या क्लिनिकमधून रेडिओथेरपी यंत्राचा भाग उचलून भंगारात विकला गेला. आत सीझियम-137 हा किरणोत्सारी पदार्थ होता, क्लोराइडच्या रूपात, म्हणजे पाण्यात विरघळणारी पूड. अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी ती घरोघर नेली, अंगाला चोळली. चार जण गेले, लाखावर लोकांची तपासणी करावी लागली. पूड होती शंभर ग्रॅमच्या आतच. आणि यात दहशतवादी कुणीच नव्हता! मुद्दाम पसरवली असती तर?

तेच सीझियम भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुकचऱ्यातून वेगळं काढून काचेत मुरवतात आणि स्टीलच्या नळ्यांत बंद करतात. रक्त किरणित करायच्या यंत्रांत या 'पेन्सिली' बसतात. काच पाण्यात विरघळत नाही, हातात घेऊन फासता येत नाही. माझ्या मते दहा बंदुकांपेक्षा हे मोठं संरक्षण आहे.

निवृत्त फौजदार
साफ असहमत. काचेचं कौतुक ठीक, पण दिल्लीतली मायापुरी विसरलात? दिल्ली विद्यापीठाने 1968 च्या सुमारास आणलेलं किरणोत्सारी कोबाल्ट-60 चं यंत्र 1985 पासून पडून होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये ते लिलावात भंगार म्हणून गेलं. कोबाल्ट तर मुळातच धातू, पूड नव्हे. तरी भंगारबाजारात ते फोडलं गेलं, एका दुकानदाराने एक तुकडा पाकिटात ठेवला, एक कामगार दगावला. इंजिनियरने आपलं काम चोख केलं होतं. वस्तू कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, हे कुणी विचारलं नाही. पंचवीस वर्षं!

आणि अमेरिकेतलं ओक रिजचं अणुकेंद्र? जुलै 2012 मध्ये 82 वर्षांची नन मेगन राइस दोन साथीदारांसह कुंपणं कापत थेट समृद्ध युरेनियमच्या गोदामाच्या भिंतीपर्यंत गेली, घोषणा रंगवून आली. जगातल्या सर्वात महागड्या बंदोबस्तांपैकी एक. तंत्रज्ञान होतं, लक्ष नव्हतं.

घणसोलीकर
फौजदारसाहेब, ओक रिज तर माझ्याच बाजूचं उदाहरण. तिथे एक कॅमेरा कित्येक महिने नादुरुस्त होता आणि खोटे अलार्म इतके वाजायचे की पहारेकऱ्यांनी मनावर घेणंच सोडलं होतं. हरणाने कुंपण हलवलं तरी ठणाणा करणारा सेन्सर बसवणं ही इंजिनियरिंगची चूकच. माणसाला दोष देऊन ती झाकता येत नाही.

लिनॅकवाला
मी कॅन्सर हॉस्पिटलात काम करतो. परिषदांमध्ये एकच पालुपद असतं: कॅन्सरवर किरण सोडणारी कोबाल्टची यंत्रं काढा, लिनॅक बसवा. लिनॅक म्हणजे विजेने किरण तयार करणारं यंत्र, ते विजेवर चालतं, बंद केला की किरण नाहीत, चोरायला काहीच उरत नाही. ऐकायला झकास. पण लिनॅकला स्थिर वीज लागते, चोवीस तास एसी लागतो, आणि बिघडला तर सर्व्हिस इंजिनियर मुंबईहून येईपर्यंत पेशंटची ट्रीटमेंट लटकते. कोबाल्टचं यंत्र लहरी विजेवरही चालतं. भारतात 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट यंत्र बनवलं ते उगाच नाही. संभाव्य चोराला घाबरून आजच्या पेशंटला तालुक्यातून शहरात धाडायचं?

चहा_बिस्किट
+1. पण मग डिसेंबर 2013 मधल्या मेक्सिकोचं काय? हॉस्पिटलचा जुना कोबाल्ट स्रोत कचराकेंद्राकडे नेणारा ट्रकच पळवला. चोरांना ट्रक हवा होता, मागे काय आहे याचा पत्ताही नव्हता. स्रोत आवरणातून बाहेर काढून शेतात टाकलेला सापडला. म्हणजे वापरात असताना नव्हे, निवृत्त झाल्यावर धोका. मायापुरीतही तेच.

अवांतर_अणू
सगळे किरणोत्सारी स्रोतांवरच बोलताहेत. खऱ्या बॉम्बसाठी लागतं प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियम (ज्यात युरेनियम-235 चं प्रमाण खूप वाढवलेलं असतं), आणि तिथे घणसोलीकरांचा मुद्दा जोरात लागू पडतो. 1956 ची 'अप्सरा' ही आपली संशोधन अणुभट्टी अतिसमृद्ध इंधनावर चालायची. 2018 मध्ये सुरू झालेली नवी अप्सरा कमी समृद्ध इंधनावर चालते. 20 टक्क्यांखालचं युरेनियम चोरून थेट बॉम्ब होत नाही, विषय संपला.
पण आतला माणूसच फितूर असेल तर? बेल्जियममध्ये 2014 साली डूल येथील अणुभट्टीच्या टर्बाइनचं वंगणतेल कुणीतरी मुद्दाम सोडून दिलं. भट्टी महिनोन्महिने बंद. करणारा सापडला नाही. त्याला काच काय करणार?

निवृत्त फौजदार
तेच म्हणतोय मी. फितुराला ओळखपत्र असतं.

लिनॅकवाला
मला एवढंच सुचवायचंय: स्रोत विकत घेतानाच तो परत पाठवण्याचा खर्च आगाऊ भरून घ्या. जुनं यंत्र कोपऱ्यात पडून राहतं ते बहुतेकदा ते हलवायला पैसे नसतात म्हणून. काच, पहारा, नोंदवही या सगळ्याआधी हे.

घणसोलीकर
छोटी हॉस्पिटलं आगाऊ भरणार? मग ती यंत्रच घेणार नाहीत, आणि तुमचा तालुक्यातला पेशंट पुन्हा शहरात. तरी पर्याय विचार करण्याजोगा आहे. निम्मा खर्च सरकारने उचलला तर?