विषय: २८ तारखेची हुरडा सहल – चीज डिप कोण करणार आणि कसं?

मीनल:

मंडळी, ज्यांच्या वावरात सहल आहे त्या गजाननभाऊंना जेवणाची यादी आज पाठवायची आहे आणि डिपची ओळ अजून रिकामी आहे. रोडगे, वांग्याची भाजी, हुरडा, तिळाची चटणी, मठ्ठा हे ठरलं. मुलांसाठी फेटलेल्या चीजचं डिप करायचं हे दिवाळीच्या बैठकीत सगळ्यांनीच मान्य केलं होतं, त्यामुळे ते करायचं की नाही हा वाद आता नको. इकडे आपण फेटा चीज आणि दही मिक्सरला लावतो आणि पाच मिनिटांत मोकळे होतो. आर्वीत फेटा मिळणार नाही. क्रीम चीज नागपुरात मिळेल, पण तिथून वावरापर्यंत ते नीट कसं न्यायचं? एकूण चाळीस माणसं धरा. ज्यांनी गावी कधी केलंय त्यांनीच सांगा.

प्रसाद:

मी २३ला निघतोय. फेट्याचे डबे सुटकेसमध्ये टाकून आणू शकतो. खाऱ्या पाण्यातलं चीज आहे, लवकर खराब होत नाही. खरा फेटा मेंढीच्या दुधाचा, त्यात शेळीचं दूध फार तर ३० टक्के. ती चव पनीरला येणार नाही हे लक्षात घ्या. २००२ पासून युरोपात ग्रीसबाहेरच्या चीजला फेटा म्हणता येत नाही, ते उगाच नाही.

सुनंदाकाकू:

प्रसाद, सुटकेसमधून काही आणू नकोस. विमानात, मग नागपूरला कोणाच्या तरी घरी, मग गाडीत, एवढा प्रवास त्या डब्याने का करायचा? आणि खाण्याचं खातं माझ्याकडे आहे, ते माझ्याकडेच राहू दे. बोरच्या सहलीला प्रत्येकाने आपापलं काहीतरी आणलं आणि श्रीखंडाचं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

जिथे ताजं दूध दारात आहे तिथे डिप तिथल्याच दुधाचं करायचं. मीनल, मला फक्त एवढं कळव, वावरात लाइन असेल का? मिक्सर चालणार असेल तर एक पद्धत, नसेल तर दुसरी.

गजाननभाऊ:

काकू, नमस्कार. लाइनचं आत्ताच सांगून ठेवतो. त्या हप्त्यात आमच्या फीडरले रात्रीची पाळी हाय. दिवसा मोटर चालत नाई, मंग मिक्सर कुठून चालन? जनरेटर आणाले मी नाई म्हणत नाई, पण त्याच्या आवाजात हुरडा खायची मजा जाते जी.

दुधाची चिंता करू नका. घरी गवळाऊ गाई आहेत अन् एक म्हैस बी हाय. सकायी सात वाजता पाह्यजे तेवढं काढून देतो. किती लिटर ते आदल्या दिवशी सांगा, नाई तर डेरीची गाडी घेऊन जाते.

दिगंबरकाका:

गजाननभाऊ, जनरेटर मुळीच नको. मला डिपपेक्षा हुरड्याची काळजी आहे. आमच्या लहानपणी आर्वी, पुलगाव, देवळीकडे ज्वारी सगळीकडे दिसायची. आता जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, कापूस आणि तूर. हुरड्याची ज्वारी मुद्दाम पेरावी लागते. भाऊंनी आपल्यासाठी तो तुकडा राखला आहे. कणीस गोवऱ्यांच्या आरात भाजून हातावर चोळलं की लगेच खायचं असतं, दहा मिनिटांनी त्यात दम राहत नाही. मुलांनी आधी डिप खाऊन पोट भरलं तर हुरडा कोण खाणार? डिप हुरड्यानंतर ठेवा, अशी माझी विनंती आहे.

मीनल:

काका, हुरडा आधीच. डिप बारा वाजता, रोडगे तयार होईपर्यंत. कबूल.

सुनंदाकाकू:

दिगंबरजी, अगदी मान्य.

आता डिप. लाइन नाही म्हणजे मिक्सर नाही, आणि त्याने काही अडत नाही. सविस्तर लिहिते, कारण याच जागी चूक होते.

पनीर कितीही वाटलं तरी फेट्यासारखं किंवा क्रीम चीजसारखं आपोआप मऊ होत नाही. दूध उकळून आंबट घातल्यावर त्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट बांधली जातात. म्हणून पनीर वितळत नाही, नुसतं फुटतं आणि त्याचे कण जिभेला लागतात. क्रीम चीजमध्ये तिसरा हिस्सा स्निग्धांश असतो, तो सगळं सांभाळून घेतो. आपल्याला तो वरून द्यावा लागणार.

गाईचं दूध घ्या. म्हशीच्या दुधाचं पनीर घट्ट आणि रबरासारखं होतं, भाजीला छान, डिपला नाही. गजाननभाऊ, दहा लिटर गाईचं द्या. त्यात दीड किलोच्या आसपास छेना, म्हणजे न दाबलेलं ओलं पनीर, निघेल. म्हशीच्या दुधाचं दही लावा, दोन किलो पुरे, आणि साय वेगळी काढून ठेवा.

दूध उकळल्यावर लगेच आंबट ओतायचं नाही. खाली उतरवून जरा निवू द्यायचं, साधारण ७० ते ७५ अंश, म्हणजे वाफ येते पण बुडबुडे थांबलेले असतात. मग पाण्यात कालवलेला लिंबाचा रस थोडा थोडा घालायचा आणि हलक्या हाताने ढवळायचं. हिरवट पाणी वेगळं झालं की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तरी छेना कडक होतो. फडक्यात बांधून अर्धा तास टांगायचा, वजन ठेवायचं नाही. कोमट असतानाच परातीत घेऊन तळहाताच्या टाचेने रसगुल्ल्यासारखा घासायचा. परात सोडून गोळा एकजीव होऊ लागला आणि बोटांना कण लागेनासे झाले की झालं.

मग दोन हिस्से छेना, एक हिस्सा चक्का आणि साय असं एकत्र करून पुरणयंत्रातून काढायचं. आपण श्रीखंडाचा चक्का काढतो तसंच. बारीक जाळी लावा. त्यानंतर रवीने पाच-सात मिनिटं घोटायचं, म्हणजे हवा भरून ते हलकं होतं. मीठ सगळ्यात शेवटी. आधी घातलं तर पाणी सुटतं.

पुरणयंत्र माझं पितळी आहे, मी आणते. चक्क्यासाठी दही आदल्या रात्री बांधायचं.

रेखा:

काकू, आमच्या वर्ध्याच्या मावशी चक्का मलमलीतून गाळतात, पुरणयंत्र वापरत नाहीत. मलमलीतून जास्त मऊ येतो. आणि पितळी भांड्यात आंबट दही मी तरी ठेवणार नाही. स्टीलचं आणा.

सुनंदाकाकू:

रेखा, चाळीस जणांचं मलमलीतून गाळायला बसलीस तर दुपार होईल. स्टीलचं आणते. माझ्या सुनेकडे आहे.

अनघा:

मी या बाबतीत थोडी कडक आहे, राग मानू नका. हा कोवळा छेना आहे, ओलसर, मीठ कमी. खारवलेल्या फेट्यासारखा तो टिकणार नाही. चार अंशांच्या वर गेलं की दोन तासांत संपवा, असा नियम आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. डिसेंबरात आर्वीला दुपारी तिशीच्या आतच राहील, पण उन्हातल्या चटईवर ठेवलेल्या वाटीचं सांगता येत नाही.

माठ आणि ओलं पोतं हे आपल्या कोरड्या हवेत चांगलं चालतं, पाणी गार होतं. पण ते चार अंशांवर येत नाही. म्हणून आर्वीहून बर्फाची लादी आणायची, लाकडी भुशात गुंडाळून पोत्यात. थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फ, वर स्टीलचे डबे. छोट्या वाट्यांत थोडंथोडं काढायचं, उरलेलं बर्फातच. वाटीत उरलेलं परत डब्यात ओतायचं नाही.

आणि एक महत्त्वाचं. कच्चा लसूण तेलात भिजवून आदल्या दिवशी तयार ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणाला हवा मिळत नाही आणि त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा विष तयार करणारा जंतू वाढू शकतो. लसूण त्याच सकाळी घ्या.

प्रसाद:

रेनेटचं, म्हणजे चीजसाठी दूध गोठवायला घालतात त्याचं, कोणी बोललं नाही. फेट्यात परंपरेने प्राण्याचं रेनेट असतं. आपल्यात कडक शाकाहारी कुटुंबं आहेत. त्या दृष्टीने छेन्याचं डिप बरोबरच ठरतंय, त्यात रेनेट नसतंच. मी फेट्याचा हट्ट सोडतो. चवीसाठी काय घालायचं ते ठरवू या का?

मीनल:

तेच आता लिहिते आहे. एका मोठ्या पातेल्यात फक्त मीठ आणि साय घातलेलं साधं डिप, त्यातून चार वाटे. मी इकडे चवी करून पाहिल्या आहेत, छेन्यावर.

भिवापुरी मिरचीचा ठेचा. भिवापूरच्या मिरचीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सुकी लाल मिरची गरम पाण्यात भिजवून, लसणाच्या दोन पाकळ्या निखाऱ्यावर भाजून पाट्यावर वाटायची. कच्चा लसूण घोटला की कडवट होतो, म्हणून भाजूनच.

जवसाची चटणी. ही वाढायच्या वेळीच कालवायची, आधी नाही. जवसाला पाणी मिळालं की त्याचा चिकट रस सुटतो आणि डिप तासाभरात बुळबुळीत होतं. मी एकदा रात्री कालवून पाहिलं, चमच्याला तार सुटत होती.

संत्र्याची साल आणि मध, मुलांसाठी. अंबिया बहाराची संत्री तेव्हा बाजारात असतात. नागपुरी संत्र्याची साल मोकळी असते, सोलल्यावर किसता येत नाही. अखंड संत्रं हातात घट्ट धरून फक्त वरचा रंगीत थर किसायचा, पांढरा भाग आला की कडू. रस मात्र घालायचा नाही, डिप पातळ होतं आणि फाटल्यासारखं दिसतं.

चौथं साधं हिरवं, कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरं आणि वरून भाजलेले शेंगदाणे. हे मोठ्यांसाठी.

खायला काय? रोडग्याच्या पापुद्र्यांचे तुकडे, काकडी, गाजर, भाजलेली रताळी, ज्वारीच्या पापड्या.

दिगंबरकाका:

ज्वारीच्या पापड्यांचं चांगलं केलंत. शेंगदाणे भाऊंच्या वावरातलेच घ्या.

गजाननभाऊ:

काकू, दहा लिटर गाईचं लिहून ठेवलं. दही आदल्या दिवशी मायी बायको लावते, तिनं इचारलं का म्हशीच्या दह्यावरची साय चालन का ताजी काढू. बर्फाची लादी मी फोन करून सांगून ठेवतो, भुसा आरागिरणीवरून भेटते. द्रोण पळसाचेच घ्या, पण दुहेरी. इकेरी द्रोणातून ओलं झिरपते अन् पोरांच्या कपड्यावर येते.

सुनंदाकाकू:

ताजी साय काढायला सांगा, दह्यावरची नको, आंबट होते. पळसाचे द्रोण दुहेरीच. रोडग्यांसाठी गोवऱ्यांचे दोन आर लागतील, हुरड्याचा वेगळा, तेवढं माणसांना सांगून ठेवा. सकाळी साडेसातला दूध तापायला ठेवलं तर साडेअकरापर्यंत सगळं बर्फात जातं. रेखा, तू मला छेना घासायला हवी आहेस, दीड किलो एकट्याच्या हाताने होणार नाही.

रेखा:

येते काकू. परात मोठी ठेवा. आर्वीच्या गाडीत कोण कोण आहे ते मीनल कळवेल का? आम्ही पाच जण आहोत, आईला पुढची सीट लागेल.