प्रूफ वाचताना कळतं, लिहिताना अडतं

प्रश्न (चाळीसगाव, एमएस्सी भाग १): रिअल अ‍ॅनालिसिसचं प्रूफ (सिद्धता) वाचताना ओळ न् ओळ पटते, पुस्तक मिटलं की पहिली ओळही सुचत नाही. (३एन + १)/(एन + २) या सिक्वेन्सची लिमिट ३ आहे, म्हणजे एन वाढला की किंमत ३ च्या हवी तितकी जवळ जाते, हे मी असं लिहिलं (एप्सिलॉन म्हणजे कितीही लहान धन संख्या): ‘फरक एप्सिलॉनपेक्षा लहान, म्हणून ५/(एन + २) < एप्सिलॉन, म्हणून एन > ५/एप्सिलॉन − २. सिद्ध.’ यात चुकलं काय? आणि वाचायचं कसं?

उत्तर (धुळे): भाऊ, आकडेमोड बरोबर आहे, दिशा उलटी आहे. जे दाखवायचं तेच पहिल्या ओळीत धरून चाललात. हे कच्चं काम. त्याची जागा वहीच्या मागच्या पानावर. पक्कं असं लिहा: ‘कोणताही एप्सिलॉन > ० घ्या. ५/एप्सिलॉनपेक्षा मोठी नैसर्गिक संख्या एम निवडा. एन ≥ एम असेल तर फरक = ५/(एन + २) < ५/एन ≤ ५/एम < एप्सिलॉन.’
ते −२ सोडून दिलं तरी चालतं. सगळ्यात लहान एम कोणी मागितलेला नाही, एक मिळाला की पुरे. मात्र एम ठरवताना त्यात एन येता कामा नये. एम आधी ठरतो, एन नंतर येतो. असा एम मिळतोच, ते आर्किमिडीयन प्रॉपर्टीमुळे (कोणत्याही संख्येपेक्षा मोठी नैसर्गिक संख्या असतेच). सुरुवातीला तेही लिहीत जा.

उत्तर (जळगाव): थिअरम वाचून लगेच प्रूफकडे पळू नका. आधी अटी एकेक काढून बघा. ‘क्लोज्ड, बाउंडेड इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं’ हेच घ्या (क्लोज्ड म्हणजे टोकं धरून, बाउंडेड म्हणजे ठरावीक मर्यादेत राहणारं, कंटिन्युअस म्हणजे कुठेही न तुटणारं). [०, १] मधला ० काढला की १/क्ष वर निसटतं. इंटरव्हल [०, ∞) केला तर साधं क्ष पुरतं. कंटिन्युइटी सोडली तर ० ला किंमत ० द्या, बाकी १/क्ष ठेवा. मग प्रूफमध्ये प्रत्येक अट नेमकी कुठल्या ओळीत खर्ची पडली ते पेन्सिलीने समासात लिहा. एखादी अट कुठेच सापडली नाही, तर बहुतेक वेळा तुमचीच एक ओळ वरवर वाचून झालेली असते. तासाला एक पान झालं तरी पुष्कळ आहे.

उत्तर (अमळनेर): ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक’ यांचा क्रम वेगळ्या रंगाने लिहा, निम्म्या चुका तिथेच असतात. साध्या कंटिन्युइटीत डेल्टा (क्ष पासून जेवढ्या अंतरात किमतींतला फरक एप्सिलॉनच्या आत राहतो ते) क्ष बघून ठरतो. युनिफॉर्म कंटिन्युइटीत एकच डेल्टा सगळ्या क्ष ना पुरला पाहिजे. क्ष² चं बघा: क्ष आणि क्ष + डेल्टा/२ इथल्या किमतींतला फरक क्ष·डेल्टा + डेल्टा²/४. डेल्टा कितीही लहान घ्या, क्ष वाढवला की फरक १ च्या पुढे जातोच, म्हणजे सगळ्यांना पुरणारा एक डेल्टा इथे नाहीच.
आणि ताई असाल की दादा, एकट्याने वाचू नका. तुमच्याच चाळीसगावजवळ पाटणला १२०७ चा शिलालेख आहे: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. पुस्तक मिटून जोडीदाराला प्रूफ सांगा. त्याने ‘का?’ विचारल्यावर जिथे थांबाल, ती ओळ परत वाचायची.