मदत हवी आहे : बीपीची नवीन गोळी चालू केल्यापासून आण्णांना चक्कर, रात्री दिली तर चालेल का? अर्जंट

सम्या_उद्यमनगर | शनिवार, सकाळी १०.०५
आण्णांना बीपीची नवीन गोळी चालू केलीय. तेव्हापासून उठलं की डोळ्यांसमोर अंधारी येते. काल गिरणीत दळणाच्या रांगेत खालीच बसले. गिरणीवाल्यानं फोन केला म्हणून कळलं, नाहीतर स्वतः सांगणार नव्हते. डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी. प्रश्न एवढाच आहे की गोळी सकाळऐवजी रात्री दिली तर चालेल का? नाहीतर निम्मी करून देऊ? "डॉक्टरांना विचारा" हे मला पण कळतंय, ते सोडून बोला.

तालमीतला_बंड्या | १०.११
भावा टेन्शन घेऊ नगंस. बीपी लो झालंय, दुसरं काय न्हाई. लिंबू, मीठ, साखर घालून तांब्याभर पाणी दे. माझा काका असाच पडायचा, आता रोज रंकाळ्याला दोन फेऱ्या मारतोय.

सुलभाकाकू | १०.१९
बंड्या, बीपीच्या माणसाला मीठ घालून तांब्याभर पाणी? शाबास रे. सम्या, वय किती वडिलांचं? गोळीचं नाव काय? बीपी मोजलंत का, की नुसतं चक्कर म्हणजे लो असं धरून चाललाय?

सम्या_उद्यमनगर | १०.२४
वय ७१. मशीन घरात आहे. काल रात्री १२४/७६ होतं, म्हणजे नॉर्मल. म्हणून तर डोकं चालेना.

अनुस्वार | १०.३१
रात्री द्यावी. बीपीची गोळी रात्रीच घ्यायची असते, पहाटे बीपी चढतं म्हणून. मी आठ वर्षं रात्री घेतो, काही त्रास नाही. (आणि "अर्जंट" नको, "तातडीचे" असा सुरेख शब्द आहे.)

काउंटरच्या_मागे | १०.४४
मी राजारामपुरीत मेडिकलमध्ये आहे, १९ वर्षं झाली. सरसकट "रात्री द्यावी" म्हणू नका. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर हेच तपासलं होतं, २०२२ साली निकाल आला. सकाळी घेतली काय नि रात्री घेतली काय, हार्ट अटॅक-पॅरालिसिसमध्ये फरक पडला नाही. ज्या वेळेला आठवणीनं घेतली जाते ती वेळ चांगली. फक्त गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर रात्री देऊ नये. म्हातारा माणूस रात्रीत तीनदा उठणार, अंधारात चक्कर येणार, बाथरूममध्ये आपटणार.

सम्या, गोळीचं पूर्ण नाव टाक. नावापुढची अक्षरंसुद्धा. आणि बीपी बसून मोजलंस का उभं राहून?

सम्या_उद्यमनगर | १०.५२
अहो बसूनच मोजतात ना. नाव टेल... काहीतरी आहे. मी गोकुळ शिरगावला ड्युटीवर आहे, घरी गेल्यावर बघतो. रात्री द्यायची नाही हे कळलं. निम्मी करू का ते सांगा.

काउंटरच्या_मागे | ११.०३
निम्मी करू नकोस. कॉम्बिनेशन असेल तर एका गोळीत दोन-तीन औषधं असतात, निम्मी केली की सगळीच निम्मी होतात. त्रास एकाचा असेल नि कमी मात्र तिन्ही होतील. काही गोळ्या दोन थरांच्या असतात, त्या सुरीनं कापल्या की नुसता भुगा.

मशीन घरात आहे तर घरी फोन करून असं करायला सांग. आण्णांनी पाच मिनिटं शांत बसायचं, बीपी घ्यायचं. मग उभं राहायचं, एक मिनिटानं घ्यायचं, तीन मिनिटांनी परत घ्यायचं. वरचा आकडा २० नी किंवा खालचा १० नी उतरला तर चक्कर का येते ते कळलं. शेजारी धरायला कुणीतरी पाहिजे.

वनौषधी_प्रेमी | ११.१५
या सगळ्या रासायनिक गोळ्यांपेक्षा सर्पगंधा चूर्ण चालू करा, अर्धा चमचा, सकाळ-संध्याकाळ. आपल्या पूर्वजांना मशीन लागत नव्हतं. खोकला असेल तर सोबत ज्येष्ठमधाचा काढा.

काउंटरच्या_मागे | ११.२८
खोकल्याचं कुणी विचारलंय? आणि सर्पगंधा काही थोतांड नाही म्हणूनच भीती वाटते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्यावरचा अभ्यास इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे औषध वेगळं काढलं आणि ते बरीच वर्षं जगभर बीपीला वापरलं गेलं. म्हणजे ते बीपी उतरवणारं औषधच झालं. इथं माणूस बीपी उतरून पडतोय आणि तुम्ही आणखी एक उतरवणारं अर्धा चमचा मापानं घालताय. ज्येष्ठमधाचं उलटं आहे, रोज घेतला तर बीपी चढवतो आणि अंगातलं पोटॅशियम घालवतो. दोन्ही एकदम म्हणजे धन्य आहे.

वनौषधी_प्रेमी | ११.३३
तुमचा धंदा आहे, तुम्ही असंच बोलणार.

तालमीतला_बंड्या | ११.३६
🍿

सुलभाकाकू | ११.५०
सम्या, पायाला सूज आहे का? माझ्या यांना ॲम्लोडिपिननं घोटे असे सुजले होते की चपलेचा अंगठा बसेना. आम्ही आपले मीठ तोडून बसलो, लोणचं बंद, पापड बंद, वैताग नुसता. सूज गोळीची होती. डोस कमी केला आणि पंधरा दिवसांत उतरली. आता आम्ही ते कमी सोडियमचं मीठ आणतो, तुम्हीही आणा.

काउंटरच्या_मागे | १२.०४
काकू, ते मीठ आण्णांना लगेच नको. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, आणि "टेल"नं सुरू होणारी गोळी बहुतेक टेल्मिसार्टन, ती अंगात पोटॅशियम धरून ठेवते. किडनी जरा जरी अधू असली तरी पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडतात. घरात कुणी लोसार्टन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल असलं काही घेत असेल तर रक्त तपासून, डॉक्टरांना विचारूनच ते मीठ आणायचं.

सुलभाकाकू | १२.०९
अगंबाई. यांची पण टेल्मिसार्टनच आहे की. दोन वर्षं झाली खातोय ते मीठ. आज पिशवी बघते आणि सोमवारी रक्त द्यायला पाठवते.

सम्या_उद्यमनगर | १२.४०
आईनं मोजलं. बसून १२०/७४. उभं राहून एक मिनिटानं ९६/६०, तीन मिनिटांनी ९८/६२, मग आण्णा म्हणाले बास आणि बसले. म्हणजे उभं राहिलं की उतरतंय. आता काय? सूज नाही.

काउंटरच्या_मागे | १२.५१
आता फार घाई न करता पण आजच. एक, आण्णांनी उठताना आधी कॉटच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, रात्री लघवीला जाताना कुणीतरी सोबत. दोन, जुलाब-उलट्या आहेत का, जेवण-पाणी पोटात जातंय का? तीन, बीपीशिवाय दुसरी कुठली गोळी चालू आहे? प्रोस्टेटची, झोपेची, दुखण्याची? आणि आधी कुठली बीपीची गोळी होती?

छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली, शुद्ध हरपली तर मला काही विचारत बसू नकोस. १०८ ला फोन करायचा, नाहीतर सरळ सीपीआरला, सरकारी दवाखान्यात न्यायचं.

सम्या_उद्यमनगर | १२.५५
दुसरी काही नाही. गुडघ्याची एक घेतात, ती काय औषधात धरायची?

दादर_ते_दसरा_चौक | १.०२
धरायची! माझ्या सासूबाईंचं असंच झालं. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध, वर गुडघ्याची गोळी, वर उन्हाळ्यात दोन दिवस जुलाब. "बीपीची गोळी चुकवायची नाही" म्हणून जुलाबातसुद्धा घेत राहिल्या. तिसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागल्या, आम्हाला वाटलं वेड लागलं. सोडियम १२१ निघालं, म्हणजे फारच कमी, आणि किडनीचं कळतं ते क्रिएटिनिन दुप्पट. पाच दिवस ॲडमिट. तेव्हापासून आमच्याकडे जुलाब लागले की आधी डॉक्टरांना फोन, मग गोळी.

काउंटरच्या_मागे | १.१४
ही गोष्ट आमच्या काउंटरवर चिकटवून ठेवायला हवी. टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्याची गोळी, या तिघांची जोडी किडनीला फार वाईट. शिवाय दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अंगात मीठ-पाणी साठवून बीपी चढवतात. सम्या, गुडघ्याची कधीपासून चालू आहे?

सम्या_उद्यमनगर | १.२०
महिना झाला असेल. मेडिकलमधून आणतात, चिठ्ठी नाही. बीपी वाढलंय हे त्यानंतरच कळलं, १६८/९८ होतं. म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली.

अनुस्वार | १.२६
"वाढवून दिली" म्हणजे डोस वाढवला, की आणखी एक दिली, की बदलून दिली? मराठीत तीन वेगळी वाक्यं होतात.

तालमीतला_बंड्या | १.२८
गप की मास्तर. पोराचा बाप पडायलाय आणि तुमी व्याकरण काढताय.

काउंटरच्या_मागे | १.३३
नाही बंड्या, या वेळी मास्तरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. सम्या, घरी गेल्यावर दोन्ही पाकिटं समोर ठेव, जुनं आणि नवं. ठळक नाव बघू नकोस, त्याच्या खाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते बघ. एकाच कंपनीच्या गोळ्यांचं मूळ नाव एकच असतं, पुढं एएम लागलं की ॲम्लोडिपिन जोडलेलं, एच लागलं की हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे तेच लघवी वाढवणारं, दोन्ही लागले की तिन्ही एकात. आणि डब्यात रोज किती गोळ्या पडतात ते मोज.

सम्या_उद्यमनगर | संध्याकाळी ६.४८
घरी आलो. पाकिटं बघायला मागितली तर आई म्हणते पाकिटं कशाला, मी सगळ्या डब्यात काढून ठेवते. निळा प्लास्टिकचा डबा, सोम ते रवि, सकाळ-संध्याकाळ खण. प्रत्येक सकाळच्या खणात एक मोठी दुरंगी आणि एक छोटी पांढरी.

मोठी नवी. टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५.
छोटी जुनी. टेल्मिसार्टन ४०.

आईला विचारलं दोन्ही का देतेस. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले ना गोळी वाढवलीय. वाढवलीय म्हणजे आधीची आहेच की." बारा दिवस दोन्ही चाललंय. मी स्वतः आणून दिल्या, मी पण बघितलं नाही. संध्याकाळच्या खणात गुडघ्याची.

दादर_ते_दसरा_चौक | ६.५५
आईंना रागावू नका. आमच्याकडे शिकलेल्या माणसांनी हेच केलंय.

काउंटरच्या_मागे | ७.०२
रागवायचं काही कारणच नाही, ती चूक आम्ही काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी बघतो. टेल्मिसार्टन ८० म्हणजे विष नाही, कित्येकांना तेवढी चालू असते. पण ७१ व्या वर्षी, एकदम ८०, त्यात ॲम्लोडिपिन, त्यात लघवीचं, त्यात हा एप्रिलचा उन्हाळा. उभं राहिल्यावर चक्कर येणारच.

छोटी बंद आणि मोठी चालू असं दिसतंय खरं, पण ते मी ठरवायचं नाही. आत्ताच्या आत्ता गल्लीतल्या कुठल्याही एमबीबीएस डॉक्टरांकडे दोन्ही पाकिटं आणि दुपारचे आकडे घेऊन जा. मनानं सगळंच बंद करू नकोस, तेही वाईट.

अजून एक, टेल्मिसार्टन पाकिटातून काढून ठेवू नये. हवेतला ओलावा ओढून घेते. आपल्याकडे जूनपासून भिंतीला घाम येतो, तिथं गोळीचं काय होणार. डब्यात ठेवायचीच असेल तर पाकिटासकट कापून ठेवा, नाव दिसेल असं.

वनौषधी_प्रेमी | ७.१०
बघा, गोळ्यांचाच घोळ निघाला ना शेवटी.

सम्या_उद्यमनगर | ८.३५
गल्लीतल्या डॉक्टरांनी छोटी आणि गुडघ्याची दोन्ही बंद करायला सांगितली. गुडघा दुखला तर फक्त पॅरासिटामॉल. मोठी उद्या सकाळी आधी उभं राहून बीपी बघून, ११० च्या खाली असेल तर द्यायची नाही, त्यांना फोन करायचा. रक्तात सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन.

सुलभाकाकू | ८.४१
देव पावला. गिरणीत आता तू जात जा.

सम्या_उद्यमनगर | मंगळवार, रात्री ९.१५
अपडेट. रविवारी उभं राहून १०४ होतं, फोन केला, मोठी दिली नाही. सोमवारी आमचे डॉक्टर भेटले. रिपोर्टमध्ये सोडियम १३१, जरा कमी, बाकी ठीक. लघवीचं औषध काढलं, आता टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ एवढीच एक गोळी. म्हणाले गुडघ्याच्या गोळीनंच बीपी चढलं असणार, दोन आठवड्यांनी परत बघू. आज उभं राहून १२८/७८. चिठ्ठीवर त्यांच्याकडून लिहूनच घेतलं, "जुनी बंद", खाली दोन रेघा मारून. आईनं ती चिठ्ठी डब्याच्या झाकणाला चिकटवलीय.

आण्णांचा एकच प्रश्न. जुन्या पाकिटात अकरा गोळ्या राहिल्यात, मेडिकलवाला परत घेईल का? पैसे दिलेत म्हणतात.

काउंटरच्या_मागे | ९.३०
कापलेलं पाकीट परत घेता येत नाही. आण्णांना दुकानात पाठव, समजावतो आणि बीपी पण बघतो. चहा पाजीन, पण बीपी बघून झाल्यावर.